रिसर्च पेपरसाठी विद्यापीठाची लायब्ररी नेमकी वापरायची कशी?

अक्षरवेडी | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात एम.ए. इतिहासच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात रिसर्च पेपर द्यायचाय. विषय ठरलाय 'पुण्यातला १८९७ चा प्लेग'. सरांनी दोनच सूचना दिल्या. विकिपीडिया चालणार नाही आणि 'लायब्ररी वापरा'. वापरा म्हणजे काय, ते काही बोलले नाहीत.

आजवर लायब्ररीत मी जाते ती टेक्स्टबुकं घ्यायला आणि परीक्षेच्या आधी बसायला. तिथल्या कॉम्प्युटरवर 'प्लेग पुणे' टाकून पाहिलं, मोजकी नावं आली, त्यातली निम्मी डॉक्टर लोकांच्या कामाची. गूगल स्कॉलरवर मात्र तेवढ्याच वेळात ढीगभर लेख मिळाले. मग माझा सरळ प्रश्न: हे सगळं घरबसल्या मिळत असेल तर लायब्ररीत जाऊन जास्तीचं काय मिळतं? आणि मिळत असेल तर सुरुवात कुठून करतात?

---

टवाळ_टोणगा | सोमवार, रात्री १०:२०

जास्तीचं म्हणजे पंखा, गार पाणी आणि शांतता. यातलं तिसरं मिळेलच असं नाही.

---

फुटकळ | सोमवार, रात्री १०:३१

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्या भाचीलाही हेच करायचंय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

---

बोरूबहाद्दर | सोमवार, रात्री ११:४०

अक्षरवेडी, विषय उत्तम. सूचना अर्धी मिळाली आहे, उरलेली अर्धी मी देतो. हयात ग्रंथालयात गेली, आता निवृत्त आहे, त्यामुळे लांबण लागेल.

पहिली गोष्ट. गेल्या गेल्या कॉम्प्युटरपाशी बसू नका. संदर्भ विभागात जा. तिथे टेबलामागे जो माणूस किंवा बाई बसलेली असते तिला 'प्लेगवर पुस्तकं आहेत का' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'बघा कॅटलॉगमध्ये' असंच येणार. विचारायचं असं: 'मार्च ते मे १८९७ मध्ये सोल्जर घरं तपासत होते, तेव्हा पुण्यातले लोक काय म्हणत होते ते मला शोधायचंय, कुठे बघू?' प्रश्न नेमका असला की समोरचा माणूस खुर्चीतून उठतो. हे मी खुर्चीत बसून अनुभवलेलं आहे.

दुसरी गोष्ट, कॅटलॉग. 'प्लेग पुणे' टाकून काही मिळणार नाही, कारण १८९७ साली इंग्रजीत पुणे नव्हतंच. 'पूना' टाका, 'बॉम्बे प्रेसिडेन्सी' टाका, 'एपिडेमिक्स' टाका. जुन्या मराठी पुस्तकांची नावं पुष्कळ ठिकाणी रोमन लिपीत चढवलेली असतात आणि ती ज्याने चढवली त्याच्या मर्जीनुसार, म्हणून एकच नाव दोन-तीन स्पेलिंगांनी शोधा. मराठी मजकुरात 'ग्रंथिक सन्निपात' आणि 'गाठीचा ताप' हेही बघा, त्या काळचे लोक असं लिहीत.

तिसरी गोष्ट, कपाट. पुस्तकं लावायच्या ड्यूई वर्गीकरण पद्धतीत भारताचा इतिहास ९५४ वर आणि साथीचे रोग, सार्वजनिक आरोग्य ६१४ वर. म्हणजे तुमचा विषय दोन वेगळ्या दालनांत विभागला गेलाय. दोन्हीकडे जा आणि हवं ते पुस्तक सापडलं की त्याच्या डावीउजवीकडची दहा-दहा पुस्तकं काढून मागची सूची चाळा. कॅटलॉगमध्ये जे नाव तुम्हाला सुचलंच नसतं ते तिथे हाताला लागतं.

आणि चौथी, जी हल्ली कुणीच सांगत नाही: दाते सूची. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची'. पहिल्या खंडात १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तकं विषयवार लावलेली आहेत. त्यात रोगराई, आरोग्य, पुणे शहर, चरित्रं असे विभाग बघा. मासिकं-वर्तमानपत्रांसाठी दाते, काळे, बर्वे यांची नियतकालिकांची सूची आहे. दोन्ही संदर्भ विभागातच असतात, घरी देत नाहीत. वही घेऊन जा.

---

सायबरकट्टा | मंगळवार, सकाळी ८:०५

बोरूकाकांबद्दल पूर्ण आदर ठेवून: हे सगळं २००० सालचं झालं.

स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वैद्यकीय इतिहासाची कागदपत्रं स्कॅन करून फुकट ठेवली आहेत, त्यात प्लेगचे सरकारी अहवाल आहेत. वेलकम कलेक्शनच्या साइटवर मुंबईतल्या प्लेगचे फोटो आहेत, इस्पितळं, निर्जंतुकीकरणाची पथकं, सगळं. आर्काइव्ह डॉट ऑर्गवर पूना गॅझेटियर आहे. शोधगंगावर लाखो प्रबंध आहेत. जुने अहवाल शोधत धुळीत हात घालायची गरज काय? लॅपटॉप उघडा, चहा घ्या, पेपर लिहा.

---

बोरूबहाद्दर | मंगळवार, सकाळी ९:१५

सायबरकट्टा, पूना गॅझेटियर १८८५ चं आहे. अठरावा खंड, तीन भाग. त्यात १८९७ चा प्लेग कसा असेल?

---

टवाळ_टोणगा | मंगळवार, सकाळी ९:१८

🍿

---

सायबरकट्टा | मंगळवार, सकाळी ९:४०

मान्य. पण बाकीचे मुद्दे तसेच उभे आहेत.

---

बोरूबहाद्दर | मंगळवार, सकाळी १०:०२

आहेतच, नाकारतोय कुठे. आणि गॅझेटियरही टाकून देऊ नका. साथीच्या बाराच वर्षं आधी पुण्यातल्या पेठा, पाणी, गटारं, वस्ती कशी होती ते त्यात पेठवार आहे. पार्श्वभूमीच्या परिच्छेदाला याहून चांगलं साधन नाही.

---

मास्तर_मोड | मंगळवार, दुपारी १:३०

मधल्या सुट्टीत लिहितोय. (मी पदव्युत्तर वर्गांना शिकवतो, इतिहासच.)

सायबरकट्टा यांनी दिलेली ठिकाणं खरी आहेत आणि मीही मुलांना सांगतो. पण त्या यादीकडे नीट बघा. स्कॅन कुणी केलं? ज्यांच्याकडे कागद होते त्यांनी. कागद कुणाकडे होते? सरकारकडे. प्लेग कमिटीचे अहवाल, लष्करी अधिकाऱ्यांचे अहवाल, कौचमन यांचा मुंबई इलाख्याच्या प्लेग व्यवस्थेचा १८९७ चा अहवाल, सगळे इंग्रजीत आणि सगळे त्या बाजूचे. घरबसल्या पेपर लिहिलात तर बाधितांना वेगळं काढण्यासाठी किती शेड बांधल्या, किती माणसं हलवली, खर्च किती, हे तपशीलवार येईल. ज्यांच्या घरात डरहॅम लाइट इन्फंट्रीचे सोल्जर शिरले त्या माणसांची बाजू त्यात तोंडी लावण्यापुरती.

ती बाजू मराठी वर्तमानपत्रांत आहे. 'केसरी', 'ज्ञानप्रकाश', 'सुधारक', इंग्रजीत 'मराठा'. यांच्या जुन्या फायली बांधीव खंडांत किंवा मायक्रोफिल्मवर आहेत. आणि जी स्कॅन झालीत त्यांच्यात शब्द टाकून शोध लागत नाही, कारण जुन्या देवनागरी खिळ्यांवर ओसीआर (छापील अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) साफ गडबडतो. म्हणजे पान पान उलटणं आलंच.

पण मुलं इथे दुसऱ्या टोकाला जातात, ते आधीच सांगतो. 'केसरी' म्हणजे 'पुणे' नव्हे. 'केसरी'ने लिहिलं म्हणजे जनतेचं मत, असं लिहून आणलेले पेपर मी लाल शाईने रंगवतो. सत्यशोधकांचं 'दीनबंधू' काय म्हणत होतं? ते मुंबईतून चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे स्वतः फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगनेच गेले. पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या बायकांच्या स्थितीवर 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहिलं होतं. हे तीन सूर एकमेकांशी जुळत नाहीत, आणि पेपरचा जीव त्या न जुळण्यात आहे.

आणि अक्षरवेडी, 'पुण्यातला १८९७ चा प्लेग' हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. आधी प्रश्न करा.

---

जुनी_पेठ | मंगळवार, दुपारी २:१५

अवांतर, पण राहवत नाही. प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडली ती २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या हीरक महोत्सवाच्या मेजवानीवरून तो परतत असताना, गणेशखिंड रस्त्यावर. ती मेजवानी होती गव्हर्नरच्या बंगल्यात. तो बंगला म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत! आणि विद्यापीठाला नाव ज्यांचं, त्या सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच साथीत १० मार्च १८९७ ला गेल्या. या विषयासाठी लायब्ररीत जायचं का, असा प्रश्नच पडायला नको. तुझी लायब्ररी घटनास्थळीच आहे.

---

पर्णिका | मंगळवार, दुपारी २:४०

जुनी_पेठ, अंगावर काटा आला. त्या आवारात इतकी वर्षं काढली, पण हे दोन्ही एकत्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

---

काकूंची_कढी | मंगळवार, संध्याकाळी ५:५०

सगळं खरं, पण आत बसायला जागा मिळेल तर ना! माझा मुलगा पीएचडी करतोय. सकाळी उशिरा गेला की प्रत्येक खुर्चीवर बॅग, बाटली आणि चालू घडामोडींचं पुस्तक. माणूस नाही. सगळे स्पर्धा परीक्षावाले. लायब्ररीतलं एक पुस्तक हातात घेत नाहीत आणि खुर्ची मात्र सोडत नाहीत.

---

राज्यसेवा_पुन्हा | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

काकू, मी त्यातलाच एक. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, खोलीत चौघं. खासगी अभ्यासिकेचं भाडं भरायचं की मेसचं, एवढाच पर्याय असतो. पुस्तकं आम्ही घेत नाही हे खरं. पण बॅग ठेवून जेवायला जाणारे पीएचडीवालेही पाहिलेत बरं का.

---

काकूंची_कढी | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

अरे बाळा, तुझ्यावर राग नाही. जेवायला जाताना बॅग उचल म्हणजे झालं.

---

बोरूबहाद्दर | मंगळवार, रात्री ८:००

या भांडणाचा एक फायदा सांगतो. ही गर्दी असते ती अभ्यासिकेत. संदर्भ विभाग, नियतकालिकांचं दालन, बांधीव खंड ठेवलेला मजला, तिथे दुपारी बाराला सुद्धा टेबलं रिकामी असतात. संशोधन करणाऱ्याने बसायचंही तिथेच.

---

दूरदेशी | बुधवार, पहाटे ४:२५

शिकागोहून. इथल्या विद्यापीठाच्या रेगनस्टाईन लायब्ररीत मराठीची कपाटंच्या कपाटं आहेत. त्याचं कारण पीएल ४८० हा १९५४ चा अमेरिकी कायदा. अमेरिकेने भारताला गहू दिला, त्याचे पैसे रुपयांत भारतातच जमा होत गेले. त्या रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या मोजक्या विद्यापीठांना पाठवली जाऊ लागली. त्यामुळे पुण्यात न सापडलेलं एखादं मराठी पुस्तक शिकागोत सापडतं, हा अनुभव इथल्या बऱ्याच जणांना आहे.

अक्षरवेडीला याचा उपयोग एवढाच की तिने सगळ्या कपाटांना हात लावायची गरज नाही. दक्षिण आशियाचे खास ग्रंथपाल इथे असतात. नेमका प्रश्न घालून नम्र ईमेल केला तर बाहेरच्या विद्यार्थ्यालाही बहुतेक वेळा उत्तर येतं. हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथालयात १९व्या शतकातली पुष्कळ पुस्तकं पूर्ण वाचता येतात.

आणि भारतातही ग्रंथालयांतर्गत देवघेव आहेच की. डेलनेट वगैरे. तुमच्या लायब्ररीत नसलेलं पुस्तक किंवा लेखाची प्रत दुसऱ्या लायब्ररीतून मागवून देतात. विचारतं कोण, हा प्रश्न.

---

पर्णिका | बुधवार, सकाळी ९:५०

+१. मी नोकरी करत बाहेरून एम.ए. केलं, त्या वेळी ग्रंथपाल बाईंनी एका लेखाची प्रत मागवून दिली होती. झेरॉक्स आणि टपालाचे पैसे भरले, बाकी काही नाही.

---

ओम्_फट् | बुधवार, सकाळी १०:३०

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'चं कुणी बोललंच नाही? नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. २०२५ पासून चालू आहे. केंद्र आणि राज्य सरकारच्या विद्यापीठांतल्या मुलांना केंब्रिज, ऑक्सफर्ड, सेज, टेलर अँड फ्रान्सिस हे सगळं खुलं आहे. प्लेगवर आयरा क्लाईन यांचा लेख 'मॉडर्न एशियन स्टडीज'मध्ये १९८८ साली आलाय, ते जर्नल केंब्रिजचंच. गूगल स्कॉलरवर नाव दिसतं आणि पुढे पैसे मागतात ना, ते पैसे सरकारने (म्हणजे आपण करदात्यांनी) आधीच भरलेत.

घरून उघडायचं तर इन्फेडचं, म्हणजे संस्थेच्या सदस्यांची ओळख पटवणाऱ्या व्यवस्थेचं, लॉगिन लागतं. ते लायब्ररीतूनच मिळतं. म्हणजे घरबसल्या वाचायलाही एकदा लायब्ररीत जावं लागतं.

---

खेड्यातला_प्राध्यापक | बुधवार, सकाळी ११:२०

या योजनेचा पहिला टप्पा सरकारी संस्थांसाठी आहे. विनाअनुदानित खासगी कॉलेजातल्या पोरांचं काय? आमच्याकडे एन-लिस्ट (कॉलेजांसाठीची ई-पुस्तकं आणि ई-जर्नल्सची योजना) घेतलेलं आहे, पण युजरनेम-पासवर्ड मुलांना द्यायचे असतात हेच बरीच वर्षं कुणाला माहीत नव्हतं. नॅकची समिती यायची तेव्हा त्याचा फलक लागायचा.

---

टवाळ_टोणगा | बुधवार, सकाळी ११:२५

समिती गेली की फलक पुन्हा कपाटात, योग्य वर्गीकरण क्रमांकासह.

---

खेड्यातला_प्राध्यापक | बुधवार, सकाळी ११:२७

खिक्. पण अक्षरवेडी, तू कॉलेजात असशील तर ग्रंथपालांकडे एन-लिस्टचं आधी विचार. आणि विद्यापीठाच्या लायब्ररीत जायचं तर कॉलेजचं ओळखपत्र आणि मार्गदर्शकाचं पत्र बरोबर ठेव. पुण्यातल्या जुन्या संस्थांत हे पत्र लागतंच. भारत इतिहास संशोधक मंडळ, गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय, केसरीवाडा, सगळीकडे आधी फोन करून वेळा विचार. लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी, विषय स्पष्ट लिहून चार-पाच प्रती एकदमच करून घे.

---

सायबरकट्टा | बुधवार, दुपारी १२:१०

कुणी एआयचं नाव काढत नाहीये म्हणून मीच काढतो. संदर्भांची यादी चॅटजीपीटीला मागितली तर मिनिटात मिळते.

---

मास्तर_मोड | बुधवार, दुपारी १:२५

मिळते ना. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने तशीच यादी जोडली होती. लेखकांची नावं खरी, जर्नल खरं, वर्षही पटण्यासारखं, आणि तो लेख जगात अस्तित्वातच नाही. मी त्याला म्हटलं, यातला एक लेख लायब्ररीतून काढून आण, तुला पैकीच्या पैकी देतो. दोन दिवस हिंडला बिचारा. इथे लायब्ररीचा उपयोग असा की यादीतली प्रत्येक ओळ कपाटाशी किंवा डेटाबेसशी पडताळता येते. कल्पना सुचवायला, इंग्रजी सुधारायला एआय वापरा. संदर्भ द्यायला नको.

---

जुनी_पेठ | बुधवार, दुपारी १:५०

संदर्भ पडताळण्यावरून आठवलं. १८९७ मध्ये गोखले विलायतेत होते, वेल्बी कमिशनपुढे साक्षीला. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी सोल्जरांच्या अत्याचारांचे आरोप 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये केले. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. संदर्भ न तपासता छापलं की काय होतं, ते पेपरात घालच.

---

मास्तर_मोड | बुधवार, दुपारी २:०५

जुनी_पेठ, इतकं सोपं नाही ते. पत्रं लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते. रँडच्या खुनानंतर पुण्यात धरपकड चालू, टिळकांवर राजद्रोहाचा खटला, त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा. अशा वेळी कोण नाव सांगणार? पुरावा मिळाला नाही म्हणजे घडलंच नाही, असा अर्थ काढता येत नाही. तिने हे घालावं जरूर, पण दोन्ही बाजूंनी.

---

ढाण्या_वाघ | बुधवार, दुपारी ३:३०

म्हणजे गोखल्यांची माफी योग्य होती असं तुम्हाला म्हणायचंय का? मवाळांची ही सवयच...

---

संपादक | बुधवार, दुपारी ३:४५

ढाण्या_वाघ, जहाल-मवाळ वादासाठी आधीचे धागे आहेत. इथे विषय लायब्ररीचा आहे. पुढचे असे प्रतिसाद उडवले जातील.

---

टवाळ_टोणगा | बुधवार, दुपारी ३:४६

सुरतेला जाण्याआधीच अधिवेशन उधळलं.

---

अक्षरवेडी | बुधवार, रात्री ९:३०

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. आज संदर्भ विभागात जाऊन आले. बोरूकाकांनी सांगितलं तसंच विचारलं, आणि तिथल्या मॅडम खरंच उठल्या. :)

आता शंका. १) जुन्या वर्तमानपत्रांचे मोबाइलवर फोटो काढले तर चालतात का? २) झेरॉक्सला कॉपीराइटची भानगड असते का? ३) प्लेजरिझमची ती १० टक्क्यांची अट म्हणजे नक्की काय? आमच्याकडे त्याची दहशत आहे. मैत्रीण म्हणते उताराच देऊ नकोस.

---

बोरूबहाद्दर | बुधवार, रात्री १०:२०

१) प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा, आधी विचारायचं. कुठे फुकट, कुठे पानामागे पैसे, कुठे साफ नाही. परवानगी मिळाली तरी फ्लॅश नको. बांधीव खंड पूर्ण सपाट उघडायचा नाही. १८९७ चा वर्तमानपत्राचा कागद घडीवर तपकिरी पडलेला असतो. पान कोपऱ्याला चिमटीत धरून उलटलं तर तो कोपरा तुमच्या चिमटीतच राहतो. पानाखालून तळहात सरकवून उलटा. दोन बाजूंना उशी किंवा जाड पुस्तकांचा टेकू घ्या. आणि शाईचं पेन बाहेर ठेवून शिसपेन न्या.

प्रत्येक फोटोत वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांक आलाच पाहिजे. नुसत्या मजकुराचे शंभर फोटो घरी आणले की ते कुठल्या तारखेचे हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही.

२) १८९७ चं जवळजवळ सगळं आता मुक्त आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि सरकारी प्रकाशन किंवा निनावी लेख असेल तर प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, असा आपला कायदा आहे.

---

ओम्_फट् | बुधवार, रात्री १०:४५

आणि नव्या पुस्तकातली प्रकरणं अभ्यासासाठी झेरॉक्स करण्याबद्दल दिल्ली विद्यापीठाचं प्रकरण आहे. तिथल्या झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्या-शिकण्यासाठीच्या प्रतींच्या बाजूने निकाल दिला. पूर्ण पुस्तक छापून विकायला घेऊ नका म्हणजे झालं.

---

मास्तर_मोड | बुधवार, रात्री ११:००

३) यूजीसीचे नियम २०१८ चे. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, त्याच्या वर १०-४०, ४०-६०, ६० च्या पुढे असे टप्पे. पण अवतरणचिन्हांत घालून, श्रेय देऊन घेतलेला उतारा त्यात मोजायचा नसतो. संदर्भसूचीही नाही. योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही सोडायचे असतात. तेव्हा मैत्रिणीचं ऐकू नकोस. इतिहासाच्या पेपरात मूळ साधनातला उतारा नसेल तर आहे काय मग? अवतरणचिन्हं विसरू नकोस एवढंच.

जाता जाता, पेपर छापायचा विचार असेल तर 'यूजीसी केअर लिस्टेड' (यूजीसीच्या मान्य जर्नल्सच्या यादीतलं) म्हणून पैसे मागणाऱ्या मेसेजना भुलू नकोस. यूजीसीने ती यादीच फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली.

---

राज्यसेवा_पुन्हा | बुधवार, रात्री ११:१०

सलग १४ शब्द! आमच्या निबंधात सलग १४ शब्द स्वतःचे सापडले तर गुण मिळतात.

---

फुटकळ | गुरुवार, सकाळी ८:४०

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

---

खेड्यातला_प्राध्यापक | गुरुवार, सकाळी १०:१५

शोधगंगाची एक युक्ती राहिली. तिथे प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या फायलींत असतो. सगळा उतरवत बसू नकोस. आपल्या विषयाच्या जवळचे तीन-चार प्रबंध शोध आणि प्रत्येकाची फक्त शेवटची संदर्भसूचीची फाइल उघड. त्या माणसाने चार-पाच वर्षं हिंडून जमवलेली कागदपत्रांची यादी तुला आयती मिळते, कुठल्या दप्तरखान्यात काय आहे यासकट. मग त्या यादीतल्या चार गोष्टी स्वतः जाऊन बघ. आणि स्वतः पाहिलेल्याचाच संदर्भ दे. न पाहिलेल्याचा संदर्भ प्रबंधावरून उचलला तर 'अमुकने उद्धृत केलेले' असं लिही.

---

दूरदेशी | गुरुवार, सकाळी १०:५०

आणि दप्तरखान्याचा विषय निघालाच आहे तर मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, 'नेटिव्ह न्यूजपेपर रिपोर्ट' आहेत. देशी पत्रं काय छापतायत यावर सरकारी अनुवादक दर आठवड्याला गोषवारा काढायचे. मूळ अंक हरवलेल्या पत्रांत काय होतं ते कधीकधी फक्त तिथेच कळतं. अनुवादकाने काय निवडलं आणि काय गाळलं हा पुन्हा वेगळा प्रश्न.

---

अक्षरवेडी | रविवार, सकाळी ११:०५

अपडेट देते.

मॅडमनी आधी दाते सूची हातात दिली. मग एका कोपऱ्यातलं जुनं कार्ड कॅटलॉगचं कपाट दाखवलं, म्हणाल्या यातलं सगळंच कॉम्प्युटरवर गेलेलं नाही. लांबट खण, कार्डांच्या तळाशी भोकातून ओवलेली पितळी सळई, आणि कार्डांच्या वरच्या कडा बोटं लागून काळ्या पडलेल्या. त्यात विषयाच्या कार्डांत प्लेगच्या मागेच 'पुणे नगरपालिका' निघाली. कॉम्प्युटरवर हे दोन शब्द मी एकत्र टाकलेच नव्हते.

प्रश्नही बदललाय. सरकारी प्लेग इस्पितळात जायला लोक तयार नव्हते म्हणून टिळक आणि मंडळींनी वेगळं हिंदू प्लेग इस्पितळ काढलं, हे एका तळटीपेत वाचलं. मग विषय असा केला: 'मार्च ते जून १८९७ मध्ये पुण्यातल्या खासगी प्लेग इस्पितळांबद्दल सरकारी अहवाल काय सांगतात आणि वर्तमानपत्रं काय सांगतात'. सरांना दाखवला. 'हं' म्हणाले. त्यांच्या 'हं'चा अर्थ चांगला असतो असं सीनियर्स सांगतात.

सरकारी अहवाल सायबरकट्टांनी सांगितलेल्या साइटवरच मिळाले, तेव्हा तुमचंही बरोबर. वर्तमानपत्रांसाठी पत्र घेऊन जातेय.

---

सायबरकट्टा | रविवार, सकाळी ११:३०

लिहून ठेवलं. 'तुमचंही बरोबर.' इथे हे वाक्य वर्षातून एकदा मिळतं.

---

मास्तर_मोड | रविवार, दुपारी १२:१०

प्रश्न छान झालाय. फक्त 'खासगी' म्हणताना त्या इस्पितळांत कुणाला घेत होते, कुणाला नाही, हेही बघ. जातीचा प्रश्न तिथे येणारच, आणि 'केसरी'त तो शोधून सापडला नाही तर तेही लिही.

---

अक्षरवेडी | रविवार, दुपारी १२:४०

नक्की सर. अजून एक, मग गप्प बसते. जुन्या अग्रलेखावर लेखकाचं नाव नसतं, तर संदर्भ कसा द्यायचा? लेखक म्हणून टिळकांचं नाव घालायचं का?

---

मास्तर_मोड | रविवार, दुपारी १:००

नाही. अंकावर नाव नसेल तर नाव घालायचं नाही, संपादक कुणीही असो. लेखाचा मथळा, वर्तमानपत्राचं नाव, गाव, तारीख, पान. तो लेख टिळकांचा आहे असं कुणी पुढे सिद्ध केलं असेल तर ते तळटीपेत, त्या अभ्यासकाच्या नावावर.

---

ओम्_फट् | रविवार, दुपारी १:१५

झोटेरो उतरवून घे, फुकट आहे. त्यात वर्तमानपत्राच्या लेखाचा वेगळा प्रकार आहे, देवनागरी नीट चालते. फोटोही त्याच नोंदीला जोडून ठेवता येतात.

---

अक्षरवेडी | रविवार, दुपारी १:२०

करते. येत्या शनिवारी वर्तमानपत्रं बघायला जायचा बेत आहे.

---

बोरूबहाद्दर | रविवार, दुपारी १:४५

दुसरा-चौथा शनिवार आहे का बघा आधी. आणि फोन करून जा.